लाओसला दहा दिवस जायचंय, कोणी जाऊन आलंय का?

खिडकीतली_सीट:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर आम्ही दोघं आणि माझे बाबा (वय ६९, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी) असे तिघं दहा दिवस कुठेतरी जायचं ठरवतोय. दर वेळी तीच ठिकाणं, तीच गर्दी, एका फोटोसाठी पाऊण तास रांग, याचा आता खरंच वीट आलाय म्हणून मी लाओस काढलं. गंमत अशी की ज्याला सांगावं तो आधी विचारतो "हे कुठं आलं?" आणि नकाशावर दाखवलं की म्हणतो "मग थायलंडलाच जा की, शेजारीच तर आहे!" नवरा पण आधी तयार नव्हता, पण मग त्याने कुठेतरी वाचलं की दक्षिण लाओसमध्ये चार हजार बेटं आहेत, तेव्हापासून स्वारी एकदम खूश, पोहायचे कपडे आत्तापासून बाजूला काढून ठेवलेत.

मी केलेला प्लॅन असा आहे: व्हिएंतियान २ दिवस, वांग व्हिएंग १, लुआंग प्रबांग २, तिथून फोन्साव्हान (ते दगडी रांजणांचं मैदान) १, मग परत व्हिएंतियान आणि तिथून खाली बेटांवर ३ दिवस, एक दिवस इकडेतिकडे. मार्चचा तिसरा आठवडा धरलाय कारण तेव्हा सुट्टी मिळतेय. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

हा प्लॅन जमण्यासारखा आहे का, बाबांना झेपेल का, ते शुद्ध शाकाहारी आहेत (अंडं पण नाही) त्यांचं खाण्याचं काय, आणि ती दोन दिवसांची नदीतली बोट करावी की नवीन ट्रेन? जे सुचेल ते सांगा, फटकारलंत तरी चालेल.

उंटावरचा_शहाणा:

ताई, बाकीचं जाणकार सांगतीलच, पण घरात शांतता राहावी म्हणून एक आधीच सांगून टाकतो. लाओसला समुद्र नाहीये. चीन, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम अशा पाच देशांच्या मधे तो अडकलाय. ती चार हजार बेटं मेकाँग नदीतली आहेत आणि त्यातली कितीतरी म्हणजे नुसता गवताचा पुंजका. साहेबांना जेवण झाल्यावर हळूच सांगा.

मेकाँगवेडी:

दोनदा जाऊन आलेय, एकदा चुकीच्या वेळी आणि एकदा बरोबर वेळी, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट, मार्च नको. खरंच नको. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस येईपर्यंत तिकडे डोंगरउतारावरची शेतं आणि रान जाळतात, पुढच्या पेरणीसाठी, आणि हे फक्त लाओसमध्ये नाही तर आजूबाजूच्या देशांत पण चालू असतं, त्यामुळे उत्तरेकडे सगळीकडे धूर कोंडून राहतो. मी पहिल्यांदा मार्चमध्येच गेले होते. लुआंग प्रबांगच्या मधोमध फूसी नावाची टेकडी आहे, सूर्यास्तासाठी सगळे तिथे चढतात, मीही तीनशेच्या वर पायऱ्या धापा टाकत चढले, आणि वर जाऊन काय बघितलं तर राखाडी आभाळात नारिंगी गोळीसारखा सूर्य, तो पण डोंगरापर्यंत पोचलाच नाही, वरच्यावर धुरात विरघळला. नदीपलीकडचे डोंगर मला पाच दिवसांत एकदाही दिसले नाहीत. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, नाकातून काळं यायचं. तुमच्या बाबांना तर अजिबात नेऊ नका त्या दिवसांत. नोव्हेंबर ते जानेवारी बघा. तेव्हा कोरडं, स्वच्छ, आणि उत्तरेला पहाटे चक्क थंडी असते, स्वेटर लागतो.

दुसरं, तुमच्या प्लॅनमध्ये तुम्ही वर जाताय, आडव्या जाताय, परत येताय, मग पार खाली जाताय. नकाशावर देश बोटभर दिसतो पण रस्ते डोंगरातले आहेत. लुआंग प्रबांग ते फोन्साव्हान अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, त्याला सात-आठ तास, आणि रस्ता इतका वळणांचा की व्हॅनमध्ये बसताना ड्रायव्हर प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी देतो, कशासाठी ते पहिल्या तासात कळतं. व्हिएंतियान ते बेटं म्हणजे आधी पाक्सेपर्यंत रात्रभर बस, मग आणखी अडीच-तीन तास, मग होडी. दहा दिवसांतले चार तुम्ही गाडीत काढणार. एकच दिशा धरा. माझं मत विचाराल तर थायलंडमधल्या चियांग राई बाजूने आत शिरा, पुलावरून मेकाँग ओलांडली की हुआय साय येतं, तिथून दोन दिवसांची बोट करून लुआंग प्रबांगला उतरा, तिथे चार रात्री राहा, मग ट्रेनने खाली वांग व्हिएंग आणि व्हिएंतियान, आणि तिथून घरी. दहा दिवस मजेत होतात आणि एकही रस्ता दोनदा येत नाही. बाकीचं पुढच्या वेळी. ई-व्हिसा काढणार असाल तर तो प्रत्येक नाक्यावर चालत नाही, कुठल्या चालतो त्याची यादी सरकारी साइटवर असते, ती बघूनच फॉर्म भरा. आणि पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा.

आता बोट. तिला स्लो बोट म्हणतात आणि ती नावाला जागते. लांबुडकी लाकडी बोट, आणि आत बसायला जुन्या गाड्यांतून काढलेल्या सीटा, त्या जमिनीला घट्ट बसवलेल्या पण नसतात, माझी सीट मी ओढून उन्हातून सावलीत नेली होती. पहिल्या दिवशी सहा-सात तास, रात्री पाकबेंग नावाच्या गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. पहिला तासभर सगळे फोटो काढतात. मग फोन खाली ठेवतात, मग कोणी पत्ते काढतं, कोणी झोपतं, आणि मधेच बोट कुठल्याशा वाळूच्या काठाला लागते, धक्का नाही, काही नाही, नुसती वाळू, आणि एक बाई तांदळाचं पोतं, दोन कोंबड्या आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन उतरते आणि वर झाडीत दिसेनाशी होते. गाव कुठे ते दिसत पण नाही. मी ती खुर्ची अजून विसरले नाहीये. एवढं मात्र आहे की लुआंग प्रबांगच्या थोडं वर नदीवर मोठ्या धरणाचं काम चालू आहे, त्यामुळे ही नदी अशीच्या अशी किती वर्षं बघायला मिळेल सांगता येत नाही. जमतंय तोवर करून घ्या. आणि स्पीड बोट नावाचा प्रकार आहे, हेल्मेट घालून बसवतात आणि एका दिवसात पोचवतात, त्याच्या वाटेला जाऊ नका, खडकांवर आपटून अपघात झालेत.

लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षूंची रांग निघते, ताक बात म्हणतात. ते बघा, पण लांबून. मुख्य रस्त्यावर लोक भिक्षूंच्या तोंडासमोर फ्लॅश मारतात, बघून लाज वाटते. आम्ही एका मागच्या गल्लीत गेलो होतो, एक आजी चटईवर गुडघे टेकून बसलेल्या, पुढ्यात बांबूची टोपली, त्यातून चिकट भाताची चिमूट प्रत्येकाच्या पात्रात. अनवाणी पावलांचा आवाज सोडून काही नाही. रस्त्याच्या पलीकडे गप उभं राहायचं, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बायकांनी भिक्षूंना हात लागू द्यायचा नाही. फोटो काढायलाच हवा असं काही नसतं.

टाइमटेबल:

मेकाँगवेडी यांचा बोटीवरचा जीव समजू शकतो, पण ६९ वर्षांच्या माणसाला दोन दिवस त्या सीटवर बसवणं मला काही पटत नाही. माझ्या आईला घेऊन गेलो होतो (७१), दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं एकच वाक्य होतं, "अजून किती?" टॉयलेट बोटीच्या पार मागे, इंजिनाला खेटून, तिथपर्यंत जायचं म्हणजे बॅगा आणि लोकांचे पाय ओलांडत. पाकबेंगला काठावरून वर चढायला खडा चढ, आणि लुआंग प्रबांगला बोट गावात लागतच नाही, दहा किलोमीटर अलीकडेच उतरवतात, पुढे टुकटुक.

ट्रेन हा लाओसचा खरा चमत्कार आहे. ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली, चीनच्या कुनमिंगपर्यंत जाते, आणि लुआंग प्रबांग ते व्हिएंतियान, ज्याला आधी डोंगरातून अख्खा दिवस जायचा, ते आता दोन तासांत. वांग व्हिएंग मधेच लागतं. एसी, स्वच्छ, वेळेवर. तिकिटं फार आधी मिळत नाहीत, विक्री थोडे दिवस आधी उघडते आणि चांगल्या वेळेच्या गाड्या पटापट भरतात, त्यामुळे तारखेवर डोळा ठेवून बसा. पासपोर्टशिवाय तिकीट नाही आणि आत प्रवेश पण नाही. स्टेशनं सगळी गावाबाहेर आहेत, एअरपोर्टसारखी सामानाची तपासणी होते, म्हणून तासभर आधी पोचा. डिओचा स्प्रे, डासांचा स्प्रे, फळं कापायची सुरी हे सगळं काढून घेतात. आईचा गुडघेदुखीचा स्प्रे असाच गेला, तो जमा करणाऱ्या मुलीने इतकं गोड हसून नमस्कार केला की भांडता पण येईना. तर बाबांसाठी मलम घ्या, स्प्रे नको.

मेकाँगवेडी:

@टाइमटेबल ट्रेनबद्दल वाद नाही, मी पण परतीला ट्रेनच सांगितली. पण चमत्कार वगैरे म्हणताय तर हेही सांगा की लाओसमधल्या त्या मार्गावर ७५ बोगदे आहेत. डोंगर दिसतोय दिसतोय म्हणेपर्यंत अंधार. खिडकीतून मला जास्तीत जास्त वेळ दिसला तो माझाच चेहरा.

टाइमटेबल:

ते खरंय. 😄

पानातलं_पहिलं:

खाण्याचं मी सांगतो, कारण मीही अंडं न खाणारा आणि बारा दिवस जिवंत राहून आलोय.

अडचण मांस नाहीये, ते दिसतं आणि टाळता येतं. अडचण आहे पादेक. म्हणजे आंबवलेल्या माशाचा दाटसर रस्सा, आणि फिश सॉस वेगळाच. भाजीत, सूपमध्ये, कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये, सगळीकडे. "मी मांस खात नाही" म्हटलं की ते मान डोलावतात आणि फिश सॉस घालतात, कारण त्यांच्या लेखी ते मीठ आहे. यावर शब्द एकच, "किन जे". म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. हे म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, त्याला नेमकं कळतं. लाओ लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा, कारण आपला उच्चार कधी कधी भलतीकडे जातो.

मग काय खायचं? चिकट भात, खाओ नियाओ, तो दिवसभर, बांबूच्या झाकणवाल्या टोपलीत येतो, हाताने गोळा करून खायचा. टोफू आणि भाज्या परतून देतात. फळं भरपूर. सकाळी फ्रेंचांनी मागे ठेवलेला लांब पाव, आणि कॉफी, ती मात्र चुकवू नका, दक्षिणेतल्या बोलावेन पठारावर पिकते, तळाला कंडेन्स्ड मिल्कचा थर आणि वरून काळी कॉफी. लुआंग प्रबांगला काइपेन म्हणून नदीतल्या शेवाळाचे पापडासारखे तुकडे मिळतात, वरून तीळ, तळून देतात. अप्रतिम. पण त्याच्याबरोबर वाटीत जी लालसर चटणी येते, जेओ बोंग, ती थांबवा. त्यात म्हशीच्या कातड्याचे तुकडे असतात! मी तीन दिवस आवडीने खाल्ली, मला वाटलं मशरूम आहे, चौथ्या दिवशी गेस्टहाउसच्या मालकिणीने सहज सांगितलं, तेव्हापासून मी कुठल्याही देशात मशरूमकडे संशयाने बघतो.

आणि हो, प्यायचं असेल तर सीलबंद बिअर प्या. फुकट मिळणारे शॉट्स, बादलीतलं मिश्रण, घरगुती तांदळाची दारू, यांना हात लावू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये वांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले, त्यात अगदी विशीच्या आसपासच्या मुली होत्या. तिथला निसर्ग सुंदर आहे, चुनखडीचे सुळके, नदी, सकाळी आकाशात हॉट एअर बलून, पण या एका बाबतीत कडक राहा.

खिडकीतली_सीट:

बापरे किती छान माहिती, खरंच धन्यवाद सगळ्यांना. नवऱ्याला समुद्र नाही हे सांगितलं. पाच मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला "नदीत पोहता येतं ना पण?" त्यामुळे विषय मिटलाय असं समजते.

मार्च रद्द, डिसेंबरसाठी सुट्टी मागते. पण फोन्साव्हान सोडायला जिवावर येतंय, बाबांना इतिहासाची फार आवड आहे. तेवढ्यासाठी वाकडी वाट करावी का?

जुनापुराणा:

फोन्साव्हानचं मी बोलू शकतो, कारण मी फक्त त्यासाठी गेलो होतो.

झियांगखुआंग पठारावर मोठाले दगडी रांजण पडलेत, काही उंचीने माणसापेक्षा मोठे, लोहयुगातले, २०१९ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. अंत्यसंस्काराशी त्यांचा संबंध असावा असं संशोधक म्हणतात, आसपास हाडं सापडली आहेत. तिथले लोक मात्र सांगतात की राक्षसांनी लढाई जिंकल्यावर दारू गाळायला ते केले. मला राक्षसवाली गोष्ट जास्त आवडली.

पण तिथे गेल्यावर रांजणांपेक्षा खड्डे जास्त बघितले जातात. रांजणांच्या मधेमधे गोल खड्डे आहेत, गवत उगवलेले, आता गुरं चरतात त्यात. ते बॉम्बचे. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने या देशावर २० लाख टनांपेक्षा जास्त बॉम्ब टाकले, पाच लाख ऐंशी हजार फेऱ्या विमानांच्या, आणि हे सगळं तेव्हा गुपचूप, कारण कागदोपत्री लाओस व्हिएतनाम युद्धात नव्हताच. त्यातल्या क्लस्टर बॉम्बच्या आत टेनिसच्या चेंडूएवढे छोटे गोळे असतात, त्यांना तिकडे "बॉम्बी" म्हणतात, असे कोट्यवधी गोळे फुटलेच नाहीत आणि मातीत राहिले. अजून शेत नांगरताना, शेकोटी पेटवताना फुटतात. त्यामुळे रांजणांच्या मैदानात जमिनीवर लाल-पांढरे दगड बसवलेत, पांढऱ्या बाजूची जमीन तपासलेली, लाल बाजूची नाही. पाऊलवाट सोडायची नाही म्हणजे नाही, शू करायला सुद्धा नाही. हे मी गाइडच्या शब्दांत सांगतोय.

जवळच नापिया नावाच्या गावात बॉम्ब आणि विमानांच्या अ‍ॅल्युमिनियमचे चमचे बनवतात. अंगणात मातीची भट्टी, एक आजोबा वितळलेला धातू पळीने साच्यात ओततात, साचा लाकडाचा आणि राखेचा, मोजून मिनिटभरात चमचा बाहेर. हातात घेतला तर पिसासारखा हलका. मी चार घेतले. घरी आल्यावर जेवायला काढले आणि परत ठेवून दिले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बाबांना नेऊ नका. तो रस्ता त्यांच्या गुडघ्यांना आणि पोटाला, दोन्हीला झेपणार नाही, आणि एका दिवसात तर मुळीच उरकणार नाही. त्याऐवजी व्हिएंतियानला कोप नावाचं केंद्र आहे, बॉम्बने हातपाय गेलेल्यांना तिथे कृत्रिम अवयव बसवून देतात, बाजूलाच छोटं प्रदर्शन आहे. छताला दोऱ्यांनी बॉम्बी टांगलेत, आणि गावागावातून लोकांनी स्वतः बनवलेले लाकडी-बांबूचे पाय ठेवलेत. तिथे जा. बाबांना पुरेल. तिथेच शहरात पातुसाय म्हणून विजयकमान आहे, ती अमेरिकेने विमानतळासाठी दिलेल्या सिमेंटमधून बांधली म्हणून तिला "उभी धावपट्टी" म्हणतात, हे ऐकून ते हसतील पण.

उंटावरचा_शहाणा:

पातुसायवरची पाटी पण वाचा, इंग्रजीत तिथल्याच लोकांनी लिहिलंय की जवळून ही कमान म्हणजे काँक्रीटचा राक्षस दिसते. आपल्याच स्मारकाबद्दल इतकं खरं बोलणारा देश मी दुसरा बघितला नाही.

दक्षिणदिशा:

सगळे उत्तरेबद्दल बोलताहेत म्हणून मी मुद्दाम दक्षिणेची बाजू घेतो, जरी या खेपेला तुमचं जमणार नसलं तरी.

बेटांवर खरंच काही करायचं नसतं. "दोन देत" नावाच्या बेटावर झोपाळा, नदी, सायकल, संपलं. शेजारच्या "दोन खोन" बेटाला जोडणारा जुना फ्रेंच पूल आहे. खोनच्या धबधब्यांमुळे मेकाँगवरून बोटी वर जाईनात म्हणून फ्रेंचांनी माल बेटावरून ओढून न्यायला इवलासा लोहमार्ग टाकला होता, आता रूळ नाहीत, एक गंजलेलं इंजिन छपराखाली उभं आहे, आणि ट्रेन नसलेल्या त्या वाटेवर मी सायकल पंक्चर करून घेतली. एक सावधगिरी, कोणी "डॉल्फिन दाखवतो" म्हणून होडीत बसवायला लागला तर बसू नका. तिथला शेवटचा इरावती डॉल्फिन २०२२ मध्ये मेला. खालच्या अंगाला कंबोडियात आहेत अजून. आम्हाला एकाने बसवलं, दोन तास पाणी दाखवलं आणि वर म्हणाला आज मूड नाही त्यांचा.

पण दक्षिणेत जाण्याचं खरं कारण वात फू. चंपासाकजवळ डोंगराच्या पायथ्यापासून वर चढत गेलेलं ख्मेर देऊळ, अंगकोर वाटच्या आधी इथे शंकराची पूजा सुरू झालेली. वरचं डोंगराचं टोकच शिवलिंगासारखं, जुन्या शिलालेखांत त्याला लिंगपर्वत म्हटलंय. गाभाऱ्यामागे कड्यातून झरा येतो, ते पाणी दगडी पन्हळीतून आत लिंगावर सोडलेलं असायचं. आता आत बुद्ध आहे, झरा अजून वाहतोय आणि लोक बाटल्या भरून नेतात. पायऱ्या मात्र उंच, झिजलेल्या आणि वाकड्या, चाफ्याची झाडं दोन्ही बाजूंनी. तुमच्या बाबांच्या गुडघ्यांनी पहिल्या टप्प्यावरच राजीनामा दिला असता. त्यामुळे मी पण म्हणतो पुढच्या वेळी.

मेकाँगवेडी:

पायऱ्यांवरून आठवलं. लुआंग प्रबांगला फूसीवर बाबांना चढवू नका, खाली राजवाड्याच्या आवारात नाट्यगृह आहे, तिथे ठरावीक संध्याकाळी रामायणाचा नाच असतो, तिकडे न्या. त्यांच्या रामायणाचं नाव "फ्रा लाक फ्रा लाम", म्हणजे लक्ष्मणाचं नाव आधी आणि रामाचं नंतर! बाबांना इतिहासाची आवड आहे म्हणालात ना, तिकीट काढून बसवा आणि मग रात्रभर प्रश्न ऐका. क्वांग सीचा धबधबा पण त्यांना जमेल, खालची निळी-हिरवी तळी सपाटीवरच आहेत, नवऱ्याला तिथेच पोहता येईल (पाणी गार असतं, डिसेंबरात तर कळ येते), आणि शिकाऱ्यांकडून सोडवलेल्या अस्वलांचं केंद्र वाटेतच लागतं, ती दिवसभर टायरच्या झोक्यात लोळत असतात.

टाइमटेबल:

दोन कामाच्या गोष्टी राहिल्या. पैसे: कीप (तिथलं चलन) गेल्या काही वर्षांत इतका घसरलाय की एका डॉलरला २० हजारांच्या पुढे मिळतात. पहिल्या जेवणाचं बिल अडीच लाख बघून दचकू नका. देशाबाहेर कीप कोणी बदलून घेत नाही, म्हणून थोडे थोडे काढा आणि शेवटच्या दिवशी संपवा. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात, जरा घडी पडलेली किंवा कोपरा फाटलेली नोट परत देतात.

आणि दवाखाना. वयस्कर माणूस बरोबर आहे म्हणून सांगतो, गंभीर काही झालं तर व्हिएंतियानमधले लोकसुद्धा पूल ओलांडून थायलंडला जातात. विमा काढताना रुग्णाला दुसऱ्या देशात हलवायचा खर्च त्यात आहे का ते शब्दन् शब्द वाचा. बाबांची औषधं पूर्ण दिवसांची अधिक चार दिवसांची, हातातल्या बॅगेत.

खिडकीतली_सीट:

ठरलं! डिसेंबरचा पहिला पंधरवडा. चियांग राईवरून आत, लुआंग प्रबांगला चार रात्री, वांग व्हिएंगला एक, व्हिएंतियानला दोन, खलास. फोन्साव्हान आणि बेटं नाहीत. बोटीवरून घरात मतदान झालं, मी ट्रेनच्या बाजूने होते, नवरा तटस्थ, पण बाबांनी सगळा धागा स्वतः वाचला आणि म्हणाले "ती खुर्ची घेऊन उतरणारी बाई दिसणार असेल तर मी दोन दिवस काय, चार दिवस बसेन." त्यामुळे बोट. @टाइमटेबल रागावू नका, गुडघ्याचं मलम घेतलंय, स्प्रे नाही.

शेवटचा एकच प्रश्न, बोटीत जागा कुठली धरायची?

टाइमटेबल:

पुढची. मागे इंजिन आहे, दोन तासांत कान बधिर होतात. पण टॉयलेट पण मागेच आहे, बाबांचं बघून ठरवा. नंबर दिलेला असला तरी कोणी पाळत नाही, सुटायच्या तासभर आधी जाऊन बसा.

मेकाँगवेडी:

आणि तिघांना तीन उशा. हुआय सायला धक्क्याजवळच्या दुकानात मिळतात. सकाळी नदीवर धुकं असतं, वारा थेट अंगावर येतो, जाकीट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.